राजपत्रावरची दुसरी तारीख

भारत सरकारच्या राजपत्राचा कोणताही अंक उघडला, तर मथळ्याखाली दोन तारखा शेजारी शेजारी छापलेल्या दिसतात. इंग्रजी तारीख १ एप्रिल २००५ असेल, तर तिच्या शेजारी ११ चैत्र १९२७ असते. पहिली तारीख सर्वजण पाहतात. दुसरी तारीख, माझ्या नोकरीतील अनुभवावरून सांगतो, फार तर दोन माणसे पाहतात : ती टंकलिखित करणारा लिपिक आणि छापखान्यातील मुद्रितशोधक.

१९९६ साली मी सेवेत नवा होतो. १ एप्रिलपासून अमलात यावयाच्या एका अधिसूचनेचा मसुदा माझ्यासमोर आला. मी अक्षरन् अक्षर तपासले आणि सही केली. खाली इंग्रजी तारखेसोबत ११ चैत्र १९१८ असे लिहिले होते. सात-आठ वर्षांनी जुन्या नस्त्या चाळताना ती अधिसूचना पुन्हा हाती आली आणि मी चपापलो. १९९६ हे लीप वर्ष होते. लीप वर्षी राष्ट्रीय दिनदर्शिकेतील चैत्र एक दिवस आधी, २१ मार्चला सुरू होतो. म्हणजे १ एप्रिल या दिवशी १२ चैत्र होता. लिपिकाने आदल्या वर्षीचा मसुदा समोर ठेवून तारीख उतरवली होती आणि मला नियमच माहीत नव्हता.

इंग्रजी तारीख एका दिवसाने चुकली असती, तर काय झाले असते याची कल्पना करविषयक काम केलेल्या कोणालाही येईल. त्या एका दिवसात बंदरात उतरलेल्या मालावर जुना दर लावायचा की नवा, यावरून लोक उच्च न्यायालयात गेले असते आणि माझ्याकडून खुलासा मागवला गेला असता. शकाची तारीख चुकली, तर साधे शुद्धिपत्रकही निघाले नाही. ती चूक आजही तशीच आहे. मात्र तेव्हापासून या दुसऱ्या तारखेविषयी माझ्या मनात कुतूहल निर्माण झाले. कोणीही वाचत नाही अशी तारीख देशाच्या राजपत्रावर आली कशी?

याचे उत्तर नोव्हेंबर १९५२ मध्ये सापडते. त्या महिन्यात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली. अध्यक्ष होते मेघनाद साहा. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांच्या तापमानाचा अर्थ लावता यावा असे समीकरण १९२० साली मांडणारे हे जगप्रसिद्ध खगोलभौतिकीतज्ज्ञ त्या वेळी लोकसभेचे सदस्यही होते. समितीत मराठी मंडळी कमी नव्हती. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते, पुण्याचे ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते आणि उज्जैनचे र. वि. वैद्य होते. चिटणीस होते कलकत्त्याचे निर्मलचंद्र लाहिरी. देशात सुमारे तीस निरनिराळ्या कालगणना चालू आहेत, असा उल्लेख पंतप्रधान नेहरूंनी या समितीला पाठवलेल्या संदेशात आहे. स्वतंत्र देशाला एकच शास्त्रशुद्ध दिनदर्शिका असावी, अशी अपेक्षा होती.

तीस कालगणना म्हणजे काय, हे महाराष्ट्रात राहून कळत नाही. तेथे भिंतीवर एक दिनदर्शिका असते आणि तीच जगाची आहे असे आपण धरून चालतो. बाहेर पडल्यावर कळते की, बंगाली शेजाऱ्याचे नवे वर्ष एप्रिलच्या मध्यावर सुरू होते, तमिळ शेजाऱ्याचेही त्याच सुमारास, गुजराती व्यापाऱ्याचे दिवाळीनंतर आणि मल्याळी सहकाऱ्याचे चिंगम महिन्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये. यात गंमत आहे, गैरसोय फारशी नाही. गैरसोय कोठे आहे, ते मला घरीच कळले.

माझे वडील २००५ च्या श्रावणात गेले. तिथी होती श्रावण वद्य पंचमी. पुढच्या वर्षी आम्ही दिल्लीत होतो, आई आमच्याजवळ होती. वर्षश्राद्धासाठी वसाहतीतल्या एका पंडितजींना तिथी सांगितली. त्यांनी पंचांग पाहून जुलैच्या मध्यावरचा दिवस दिला. मी कार्यालयात रजेचा अर्ज देऊन घरी आलो आणि आईला दिवस सांगितला. ती म्हणाली, “अरे, अजून नागपंचमी यायची आहे आणि श्रावण वद्य कसा लागेल?”

पंडितजी चुकले नव्हते आणि आईही चुकली नव्हती. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, परंतु कृष्ण पक्षात उत्तरेचे नाव एक महिना पुढे असते. म्हणून आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला आणि त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला, दिवस मात्र एकच. पंडितजींचा श्रावण कृष्ण पक्ष हा आपला आषाढ वद्य पक्ष होता. आईने नागपंचमीवरून हिशेब केला नसता, तर वडिलांचे पहिले श्राद्ध मी एक महिना आधी उरकले असते आणि ते आम्हाला कधी कळलेही नसते.

एकाच आकाशाखाली एकाच चंद्राकडे पाहून दोन माणसे महिन्याची दोन नावे सांगत असतील, तर राज्यकारभार कसा चालत असेल? इतिहास सांगतो की, राज्यकर्त्यांनी हा प्रश्न फार पूर्वी आपल्यापुरता सोडवला होता. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. पीक मात्र सूर्यावर येते. हिजरी वर्षाप्रमाणे सारा वसूल करायचा, तर साधारण बत्तीस सौर वर्षांत तेहतीस वेळा करावा लागेल. म्हणून अकबराच्या काळात हिजरी ९६३ हा आकडा धरून पुढची मोजणी सौर वर्षाने करण्याची फसली पद्धत आली. दख्खनमध्ये शुहूर सन होता. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत तो जागोजाग भेटतो. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचे वर्ष सुरू होई, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पेरणी ज्या दिवसापासून, हिशेब त्या दिवसापासून. ही व्यवस्था करणाऱ्यांना खगोलशास्त्रात रस असो वा नसो, वसुलीत निश्चित होता.

इंग्रजी अमलात प्रश्न न्यायालयांत आला. जमिनीच्या हक्कासाठी जुनी दस्तऐवजे पुढे येत, त्यांवर शक, संवत, फसली अशा तारखा असत आणि त्यांत बनावट कागदांचाही सुळसुळाट होता. तिथी आणि वार जुळतात की नाही, हे तपासले तर खोटेपणा उघडा पडे. या कामासाठी मद्रासचे सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांनी पुण्याच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांना सोबत घेतले आणि १८९६ साली दोघांच्या नावाने ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ निघाला. न्यायालये व सरकारी कचेऱ्या यांचा उपयोग डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिल्याचे प्रस्तावनेत म्हटले आहे. त्याच वर्षी दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा मराठी महाग्रंथ प्रसिद्ध झाला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंतच जगलेल्या एका अध्यापकाचे हे काम. वर उल्लेखिलेले र. वि. वैद्य हेच पुढे त्या मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरकार झाले.

साहा समितीपुढचा सर्वांत कठीण प्रश्न मात्र महिन्यांच्या नावांचा नव्हता. तो वर्षाच्या लांबीचा होता. आपली पंचांगे ज्या सूर्यसिद्धान्तावर आधारलेली होती, त्याचे वर्ष ऋतुचक्राच्या वर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे. चोवीस मिनिटे किरकोळ वाटतात. साठ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो आणि चौदाशे वर्षांत तेवीस दिवस. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला.

संक्रांत सरकते आहे, हे दोन तारखांवरून सहज पडताळता येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी १८६३. दुसरी तारीख मराठी मनाच्या अधिक जवळची आहे. पानिपतचा घात संक्रांतीच्या दिवशी झाला, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला. आज १४ जानेवारी म्हटले की संक्रांत आठवते, म्हणून हा समज रुजला असावा. हिशेब मांडला, तर १७६१ साली संक्रमण १० जानेवारीच्या सुमारास येते. सदाशिवरावभाऊंच्या उपाशी सैन्याने शेवटचा हल्ला केला, तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

समितीने १९५५ साली अहवाल दिला. नागरी वापरासाठी तिने वर्ष ऋतूंना बांधले. वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, १ चैत्र. चैत्राचे ३० दिवस आणि लीप वर्षी ३१. वैशाखापासून भाद्रपदापर्यंत पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विनापासून फाल्गुनापर्यंत सहा महिने ३० दिवसांचे. उन्हाळ्यात सूर्याची भासमान गती मंद असते, म्हणून ते महिने मोठे. फेब्रुवारीला २८ दिवस का, याला इतिहासाशिवाय कारण नाही. या महिन्यांना निसर्गातले कारण आहे. शास्त्र म्हणून ही दिनदर्शिका ग्रेगरियनपेक्षा सुबक आहे, हे मान्य करावेच लागते.

शक कोणता घ्यायचा, यावरही विचार झाला. राज्यघटनेच्या हिंदी उद्देशिकेत स्वीकाराची मिती विक्रम संवत २००६ ची, मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी अशी आहे. तरीही समितीने शक निवडला, कारण वराहमिहिरासारख्या ज्योतिर्विदांनी गणितासाठी तोच वापरला होता आणि देशभराच्या पंचांगकर्त्यांना तो परिचित होता. आपण ‘शालिवाहन शके’ म्हणतो, पण शालिवाहनाचे नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटले. आरंभीच्या काळात तो उज्जैनच्या क्षत्रपांचा होता, परकीय मुळाच्या राजांचा. रुद्रदामनाच्या जुनागढ शिलालेखातील ७२ हे वर्ष, म्हणजे इसवी सन १५०, याच गणनेतले आहे. पुढे तो समुद्र ओलांडून गेला. कंबोडियात मेकाँगकाठच्या सांबोर येथील एका शिलालेखात शक ६०५ असे वर्ष कोरले आहे, त्यातले शून्य एका टिंबाने दाखवले आहे. शून्याच्या सर्वांत जुन्या कालनिश्चित नोंदींपैकी ही एक, आणि ती शकाच्या आकड्यात आहे. बालीमध्ये आजही शकाचे नववर्ष मौन पाळून साजरे होते.

१६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना मेघनाद साहांचे हृदयविकाराने निधन झाले. २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ उजाडला, तो पाहायला ते नव्हते. राजपत्र, आकाशवाणीची बातमीपत्रे, सरकारी दिनदर्शिका आणि जनतेस उद्देशून केलेला पत्रव्यवहार, यांत नवी तारीख ग्रेगरियन तारखेच्या जोडीने यावी असे ठरले. माझ्या पिढीतील वाचकांना सकाळच्या बातम्यांआधी कानी पडणारे ‘भारतीय सौर’ हे शब्द आठवत असतील. पुढचा आकडा आठवणारा मला अजून भेटलेला नाही.

येथे आणखी एक तारीख शेजारी ठेवावीशी वाटते. बरोबर दहा दिवसांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी आली. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. तेच सरकार, तीच नोकरशाही आणि तीच निरक्षर बहुसंख्या. या सुधारणेत तर जनतेला खरा त्रास होता. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. म्हणून कोष्टके निघाली : एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. पाव-अर्ध्या पैशावरून दुकानांत आणि टपाल कचेऱ्यांत वाद झाले. तरीही १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळून पडले, कारण जुना पैसा उरलाच नव्हता. वजनमापांचेही तसेच झाले. शेर आणि मण दशकभरात बोलीत उरले, तराजूतून गेले. शास्त्रीय पायावर उभ्या असलेल्या या सुधारणा जुळ्या भावंडांसारख्या आल्या. एक देशाच्या हाडीमांसी भिनली आणि दुसरी राजपत्राच्या मथळ्यावर अडकून राहिली.

‘लोकांची मानसिकता’ हे याचे नेहमीचे स्पष्टीकरण मला पटत नाही. ज्या लोकांनी आणे सोडले, त्याच लोकांनी चैत्र स्वीकारला नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात दुसरे काही दिसते. नाणे आणि तारीख या दोन्ही गोष्टींचे मोल इतर किती जण त्या वापरतात यावर ठरते. म्हणून अशा वस्तूची जोडीजोडीने अंमलबजावणी होत नाही. सरकारने जुनी नाणी हळूहळू चलनातून काढून घेतली, पगार नव्या पैशांत दिला, तिकिटे नव्या पैशांत छापली. तारखेच्या बाबतीत मात्र जुनी तारीख जागेवर ठेवून नवी तिच्या शेजारी बसवली. दोन्ही तारखा समोर असताना माणूस ओळखीचीच वाचणार. पगार दर महिन्याच्या इंग्रजी अखेरीस होत राहिला, आर्थिक वर्ष १८६७ पासून चालत आले तसे १ एप्रिललाच सुरू होत राहिले.

त्याहूनही महत्त्वाचे असे की, सर्व देशाला समान नागरी तारीख हवी, हा प्रश्न १९५७ पूर्वीच सुटलेला होता. तो परक्या दिनदर्शिकेने सोडवला होता, हे शल्य खरे, पण सुटला होता. खरा गोंधळ तिथींचा, सणांचा आणि श्राद्धांचा होता आणि तो देवघरातला होता. तेथे सरकारची आज्ञा चालत नव्हती. धार्मिक पंचांगांतील सरकणेही आता आहे तेथे थांबवावे, अशी सूचना समितीने केली होती. पंचांगकर्त्यांनी ती मनावर घेतली नाही. थोडक्यात, जेथे अधिकार होता तेथे गरज नव्हती आणि जेथे गरज होती तेथे अधिकार नव्हता. प्रशासनात इतकी वर्षे काढल्यावर वाटते, आपल्या पुष्कळ योजनांची हीच कथा आहे.

मग समितीचे श्रम वाया गेले का? तसे म्हणवत नाही. समितीचे चिटणीस लाहिरी यांच्या गणितावर बेतलेले अयनांश आज देशातील बहुतेक पंचांगांत आणि कुंडली मांडणाऱ्या संगणक-प्रणालींत वापरले जातात. फलज्योतिषावर आयुष्यभर टीका करणाऱ्या साहांच्या समितीची सर्वांत रुजलेली देणगी ज्योतिष्यांच्या हाती असावी, हा इतिहासाचा विनोद आहे. सरकारतर्फे निरनिराळ्या भाषांत राष्ट्रीय पंचांग निघते. सणांच्या सुट्ट्या ठरवताना खगोलीय गणित सरकारच्याच केंद्राकडून येते. सुट्टी ही प्रत्येकाच्या कामाची गोष्ट आहे, म्हणून हा भाग जगला. फसलीचेही तसेच. अकबराची ही वर्षगणना तमिळनाडूच्या महसुली दफ्तरांत आजही चालू आहे. इंग्रजी वर्षातून ५९० वजा करून तेथील जमाबंदी होते, कारण त्या आकड्याला जमीन बांधलेली आहे.

राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख निरर्थक आहे असेही कोणी समजू नये. हिंदीत लिहिलेल्या धनादेशावर शक संवतातील तारीख घातली, तर तो वैध आहे आणि बँकांनी तो स्वीकारावा, अशा रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. मी एकदा असा धनादेश एका बँकेत दिला. खिडकीपलीकडच्या तरुणाने तो दोनदा उलटून पाहिला आणि नम्रपणे म्हणाला, “साहेब, वर्ष १९२८ पडलंय.” धनादेश अठ्ठ्याहत्तर वर्षांचा शिळा आहे असे त्याला वाटले. मी परिपत्रकाचा हवाला देऊ शकलो असतो, परंतु माझ्यामागे रांग होती. मी दुसरा धनादेश लिहून दिला.

असो. लीप वर्षातील १ मार्च ते २० एप्रिल या काळात माझ्यासमोर अधिसूचना आली, तर दुसरी तारीख मी स्वतः मोजतो. तिचा कोणाला उपयोग नाही, हे ठाऊक आहे. पण सही माझी असते. आणि घरच्या वहीत वडिलांच्या नावापुढे मी ‘श्रावण वद्य पंचमी’ एवढेच लिहून थांबलेलो नाही. पुढे कंसात ‘अमान्त, नागपंचमीनंतर पंधरा दिवसांनी’ असे लिहून ठेवले आहे. मुले कोणत्या शहरात असतील, कोणते पंचांग उघडतील, हे सांगता येत नाही, आणि हिशेब करून द्यायला आई आता नाही.